मी न पाहिलेला कालवा

जून सरत आला की शारजातल्या खिडक्यांना बाहेरून घाम फुटतो. आत एसी, बाहेर दमट हवा. काचेवर थेंब जमतात, ओघळतात, आणि सकाळी पडदा सारला की समोरची मशीद आणि तिच्यापलीकडचं पार्किंग सगळं पुसट दिसतं. दाराबाहेर पाऊल टाकावं तर चष्म्यावर वाफ धरते आणि लिफ्टचं बटण चाचपडत शोधावं लागतं. शाळा बंद होतात. इमारतीतली निम्मी बिऱ्हाडं दाराला कुलूप लावून गावाला जातात. नळाची तर उलटीच तऱ्हा. गच्चीवरच्या टाकीतलं पाणी इतकं तापतं की थंड नळ सोडला तर हात पोळतो. म्हणून उन्हाळाभर आम्ही गीझर बंद ठेवतो आणि घरातल्या गारव्यात निवलेलं त्याचं पाणी गरम नळातून घेतो. नवीन आलेल्या बायकांना हे समजावून सांगताना मला दर वर्षी मजा वाटते. यंदा कुणाला समजावलं नाही. यंदा नळ सोडला आणि टबात पाणी चढताना बघत नुसती उभी राहिले. नऊ वर्षांपूर्वीचा तो उन्हाळा आठवला, ज्यात मी माझ्या मैत्रिणीचा इतका हेवा केला की आजही कुणी कालवा म्हटलं तरी माझ्या कपाळाला आठी पडते.

आठवायला निमित्तही आहे. जुईची, माझ्या मुलीची, बारावी झाली. आता ती पुण्याला आर्किटेक्चर शिकणार, पाच वर्षं. राहायचं कुठे एवढाच प्रश्न उरलाय आणि तो फक्त मलाच प्रश्न वाटतो. जुई म्हणते, नलूमावशीकडे. श्रीकांत, माझा नवरा, पेपरातून मान वर न काढता म्हणतो, "ऑब्व्हियसली नलूकडे. त्यात विचार काय करायचाय?" मी म्हणते, हॉस्टेलचा फॉर्म भरून ठेवायला काय हरकत आहे. तो फॉर्म गेले तीन आठवडे फ्रिजवर आंब्याच्या खोक्याखाली पडून आहे. नलूला फोन मी करायचा, कारण मैत्रीण माझी. आणि मी तो करत नाही. रोज सकाळी ठरवते आणि रोज काहीतरी काम काढते. खरं कारण मला ठाऊक आहे. माझी मुलगी मला दुसऱ्यांदा तिच्या हवाली करायची नाहीये.

नलू आणि दिलीप आमच्या वरच्या मजल्यावर राहायचे. दोघी पुण्याच्या, दोघी एकाच वर्षी लग्न होऊन इथे आलेल्या, त्यामुळे जिन्यातल्या पहिल्या भेटीतच आमचं जमलं. पण नलूचा हेवा करायला मला कालव्यापर्यंत थांबावं लागलं नव्हतं. तिला ड्रायव्हिंग लायसन्स पहिल्या खेपेत मिळालं. इथे राहिलेल्या माणसाला याचा अर्थ कळेल. मी चार वेळा नापास झाले, आणि चारही वेळा टेस्टला मला सोडायला नलूच आली, स्वतःची गाडी चालवत. ती उंच होती, तिच्या पोळ्या मऊ व्हायच्या, तिला कुणाशीही पटकन बोलता यायचं. ग्रोसरीतला मल्याळी पोरगा मला सुट्टे पैसे नाहीत म्हणून च्युइंगम द्यायचा आणि तिला शोधून सुट्टे द्यायचा. एकच गोष्ट तिच्याकडे नव्हती आणि माझ्याकडे होती. त्यांना मूल नव्हतं. त्याबद्दल ती कधी बोलली नाही, मीही कधी विचारलं नाही. जुई मात्र शाळेतून आली की दप्तर आमच्या दारात टाकून वरच्या मजल्यावर पळायची.

त्या वर्षी आम्ही भारतात जाणार नव्हतो. कंपनीचं तिकीट एक वर्षाआड मिळायचं आणि ते आमचं आड पडलेलं वर्ष होतं. दिलीपला मात्र त्याच्या कंपनीने तीन महिने इंग्लंडला पाठवलं, पंपांच्या कारखान्यात ट्रेनिंगला. नलू त्याच्याबरोबर निघाली. तिथल्या एका साहेबाची स्वतःची बोट होती, कालव्यात चालणारी लांबट अरुंद बोट, आणि ती त्याने सुट्टीत दहा दिवस वापरायला देऊ केली होती. नलू खाली आली, डायनिंग टेबलाशी बसली आणि म्हणाली, "अरू, जुईला नेऊ का गं? इथे उकाड्यात चार भिंतींत काय करणार ती?" श्रीकांत लगेच हो म्हणाला. जुई तर नाचायलाच लागली. नाही म्हणायला मला कारण सापडेना. हेवा वाटतो हे कारण चारचौघांत सांगता येत नाही.

मग तो पासपोर्टचा प्रकार. त्या काळी लहान मुलांचा वेगळा पासपोर्ट काढायची घाई कुणी करत नसे. आईच्या पासपोर्टवर मुलाचं नाव चढायचं, जमलंच तर एक फोटो चिकटायचा, आणि आई जाईल तिथे मूल. जुई माझ्या पासपोर्टवर होती. दुबईला कॉन्सुलेटच्या खिडकीशी दोन तास रांगेत उभी राहिल्यावर आतला माणूस म्हणाला, "मॅडम, बच्ची आपके बगैर जाएगी तो आपके पासपोर्ट से उसका नाम कटवाना पडेगा." मी मान हलवली. त्याने पट्टी घेतली, लाल पेन घेतलं आणि माझ्या मुलीच्या नावावरून सरळ रेघ मारली. वर शिक्का मारला. पट्टी घेतली याचं मला फार लागलं. हाताने मारली असती तर जरा वाकडीतिकडी, माणसाने मारल्यासारखी दिसली असती. जुई शेजारी उभी राहून चिप्स खात होती. तिने बोटं चाटत विचारलं, "सो नाऊ आय ॲम नॉट ऑन यू?" मी म्हटलं, नाही बाई, आता तुझी तू.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती गेली. मला वाटलं होतं रडेल, पण तिने मागे वळून पाहिलंही नाही. नलूने तिच्यासाठी पिवळा रेनकोट आणून ठेवला होता, आणि दुबई विमानतळावर, बाहेर माणसं भाजून निघत असताना, जुई तो रेनकोट घालून आत गेली.

इथे पत्रं घरी येत नाहीत. ती ऑफिसच्या पी.ओ. बॉक्सला येतात आणि नवरे घेऊन येतात. श्रीकांत नलूची पत्रं ऑफिसातच फोडून वाचायचा, आणि घरी आल्यावर बूट काढता काढता मला त्यातलं सांगायचा, म्हणजे मी वाचेपर्यंत ते शिळं झालेलं असायचं. तरी मी वाचायची, दोन-दोनदा वाचायची. बोट सात फूट रुंद आणि साठ फूट लांब आहे म्हणे. आत स्वैपाकघर, ओळीत पलंग, पितळी दिवे. ती माणसाच्या चालीने जाते, काठावरून कुत्रा फिरवणारा म्हातारा आपल्याला मागे टाकून पुढे जातो. दोन्ही बाजूंनी झाडं इतकी वाकलेली की हात वर केला तर पानं लागतात. बदकं आपल्याबरोबर येतात. सुकाणूचा दांडा डावीकडे ढकलला की बोट उजवीकडे वळते, आणि जुईला ते दिलीपच्या आधी जमलं. हे शेवटचं वाक्य मी वाचलं तेव्हा आमच्या खिडकीबाहेर सेहेचाळीस डिग्री होतं आणि मी दुधी किसत होते. लायसन्सच्या चार टेस्ट आठवल्या. माझ्या मुलीला चालवायला शिकवणारी बाईसुद्धा तीच निघाली.

आणि लॉक. बोटीवरून आलेल्या प्रत्येक पत्रात लॉक. जमीन चढणीची असली की कालवा चढणार कसा, तर त्याला मध्ये मध्ये दारं लावलेली असतात. बोट दोन दारांच्या मधल्या हौदात घ्यायची. मागचं दार लावायचं. मग पुढच्या दारातली झडप लोखंडी किल्लीने फिरवून उघडायची, म्हणजे वरचं पाणी हळूहळू हौदात येतं आणि बोट पाण्याबरोबर उचलली जाते. आधी आपल्याला फक्त शेवाळलेली भिंत दिसत असते, मग काठ दिसतो, गवत दिसतं, गवतात बसलेली माणसं दिसतात. दोन्हीकडचं पाणी अगदी सारखं झालं की पुढचं दार उघडतं. त्याला एक लांब ओंडका असतो, त्याला पाठ टेकवायची, टाचा रोवायच्या आणि मागे रेटत जायचं. पाण्यात बोटभर फरक असला तरी ते हलत नाही, कितीही जोर लावा. नलूने लिहिलं होतं, "तुझी लेक कधीच घाई करत नाही. ओंडक्याला पाठ लावून शांत बसते आणि दार स्वतःहून सैल झालं की मला हाक मारते." माझी लेक घरी तर बाथरूमचं दार उघडेपर्यंत लाथा घालायची. ही शांत मुलगी कोण आहे, हे मला कळेना.

शुक्रवारी, इथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी फोन यायचा, नाण्यांच्या बूथमधून. बोटीवरच्या दिवसांत तो काठावरून आला, आणि मी नुकतीच "जेवतेस ना नीट" म्हणाले तेवढ्यात ती म्हणाली, "आई, आय हॅव टू गो, लॉक भरत आलाय." मागून नलूची हाक ऐकू आली. जुईने फोन ठेवला. मी रिसीव्हर हातात धरून बसले. त्या पाण्याला माझ्यासाठी दोन मिनिटं थांबायला काय झालं होतं, असं मनात आलं. मी कालव्यावरसुद्धा रागावू लागले होते.

त्या रिकाम्या इमारतीत मी जो उन्हाळा काढला त्याचे आवाज अजून कानात आहेत. एसीची घरघर, दुपारच्या बांगेनंतरची शांतता, वरच्या मजल्यावरून एरवी येणारी आणि आता न येणारी जुईची धावपळ. नलूच्या कुंड्यांना पाणी घालायला मी रोज वर जायची. एकदा तिच्या कपाटाचं दार उघडून बघितलं. काय शोधत होते कुणास ठाऊक. वरच्या खणात जुईचे दोन जुने फ्रॉक होते, मी कुणाला तरी द्यायला म्हणून काढून टाकलेले, धुऊन इस्त्री केलेले. मी दार लावलं आणि त्या दिवशी कुंड्यांना पाणी घालायचं विसरले. मोगरा गेला. नलूने परत आल्यावर त्याबद्दल अवाक्षर काढलं नाही.

ऑगस्टच्या अखेरीला नलू जुईला घेऊन परतली. दिलीप महिनाभराने येणार होता. विमानतळावर आम्ही कठड्याशी उभे होतो. जुई उंच झाली होती, गुडघ्याला खरचटलं होतं, केस नलूसारखे मागे घट्ट बांधलेले. नलूने तिचा हात माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "घे बाई तुझी." मग ती ट्रॉलीशी गेली आणि बॅगा नीट लावत बसली. त्या नीटच होत्या. मी मनात म्हटलं, किती तोरा आहे बघा.

त्यानंतरचे दिवस माझी परीक्षा पाहणारे होते. अंडं कसं उकडायचं ते मावशी सांगते. टॉवेल कसा पिळायचा ते मावशीला विचार. दिवसातून चाळीस वेळा मावशी. एका शनिवारी मी शाळेतून आणलेलं लायब्ररीचं रजिस्टर तपासत होते, तर बाथरूममधून आवाज आला नाही म्हणून बघायला गेले. बघते तर जुईने पिझ्झाच्या खोक्याचे पुठ्ठे प्लास्टिकच्या पिशव्यांत गुंडाळून टबात आडवे लावले होते, आणि फटी बुजवायला माझी रात्रीसाठी मळलेली कणीक. पुठ्ठ्याला भोक, भोकाला बुचाचं झाकण. मधल्या हौदात पिवळी साबणदाणी तरंगत होती.

"आई, शिव्या नंतर दे," ती म्हणाली. "जस्ट वॉच."

तिने बूच काढलं. वरच्या कप्प्यातलं पाणी मधल्या हौदात येऊ लागलं. साबणदाणी हलकेच वर चढायला लागली. आम्ही दोघी टबाच्या काठाला हनुवटी टेकून बघत होतो. दोन्हीकडचं पाणी सारखं झालं तेव्हा तिने पुठ्ठा उचलला आणि बोटाने साबणदाणी पुढे ढकलली. ती इतकी सहज गेली की माझ्या तोंडून "अगं बाई" निघून गेलं. मग कणीक विरघळली, सगळं कोसळलं, आणि मी तिला ओरडले. कणकेवरून ओरडले असं तिला वाटलं असणार. दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेल्यावर मी दार लावून घेतलं आणि ताजी कणीक मळून तो लॉक स्वतः करून बघितला, तीनदा. पस्तिशीची बाई, शाळेत लायब्ररी सांभाळणारी, त्या दिवशी आजारी आहे म्हणून कळवलेली. तिसऱ्या खेपेला साबणदाणी अगदी वरपर्यंत आली. मला फार आनंद झाला आणि लगेच नलूचा राग आला. कारण ती खऱ्या पाण्यावर, खऱ्या ओंडक्याला पाठ लावून, माझ्या मुलीच्या शेजारी उभी राहिली होती.

मीही काही कमी नाही हे दाखवायला मी एका शुक्रवारी जुईला दुबईच्या खाडीवर नेलं. अब्रा म्हणजे तिथली लाकडी होडी, मधोमध बाक, माणसं पाठीला पाठ लावून बसतात. "यल्ला, यल्ला," म्हणत होडीवाल्याने आम्हांला आत कोंबलं. भाडं अर्धा दिरहम, म्हणजे पाच रुपये, हे मी तिला उगाचच मोठ्याने सांगितलं. डिझेलचा वास, खारा वारा, गव्हाची पोती उतरवणारी गलबतं, वर सीगल. मला स्वतःला ते दृश्य फार आवडतं. मी तिला तीन वेळा इकडून तिकडे नेलं. तिसऱ्या खेपेला विचारलं, "कसं वाटतंय?" ती माझ्याकडे बघून शहाण्यासारखी हसली. "इट्स नाईस, आई. बट नथिंग हॅपन्स." परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी बोलले नाही. नऊ वर्षांच्या मुलीवर मी रुसले होते.

पुढच्या मे महिन्यात नलू पुन्हा खाली आली. त्याच साहेबाने पुन्हा बोट देऊ केली होती, या वेळी दिलीप रजा टाकून जाणार होता. तिने डायनिंग टेबलाशी बसून तोच प्रश्न विचारला. आणि मी म्हणाले, "अगं, जुईचा पासपोर्ट इमिग्रेशनमध्ये अडकलाय. रेसिडन्स व्हिसा रिन्यूला टाकलाय ना. कधी मिळेल काही सांगता येत नाही, इन्शाल्ला म्हणतात नुसते." इथे यासारखं बिनतोड कारण दुसरं नाही. कुणाचाही पासपोर्ट कधीही अडकू शकतो आणि कुणी त्यावर पुढे विचारत नाही. नलू म्हणाली, "बरं." थोडा वेळ बसली, पाणी प्यायली आणि वर गेली. तिचा चहा मी टाकला होता तो तसाच राहिला.

तिचं पाऊल जिन्यावर वाजलं आणि माझ्या लक्षात आलं. रेसिडन्स व्हिसा तीन वर्षांचा असतो. जुईच्या नव्या पासपोर्टवर तो गेल्याच वर्षी लागला होता आणि इमिग्रेशनमध्ये माझ्याबरोबर नलूच आली होती. शिक्का ओला होता म्हणून पासपोर्ट उघडा धरून तीच त्यावर फुंकर घालत बसली होती. आखातात दहा वर्षं काढलेली बाई दुसऱ्या बाईशी खोटं बोलली, आणि बोलली तेही व्हिसाच्या मुदतीचं. पासपोर्ट माझ्या कपाटात साड्यांखाली होता. मला वाटलं नलू येईल, भांडेल, निदान टोमणा तरी मारेल. तिने यातलं काही केलं नाही आणि जुईला कुठे नेण्याबद्दल पुन्हा कधी विचारलंही नाही. त्या उन्हाळ्यात ती आणि दिलीप दोघंच गेले. जुईला मी सांगितलं की त्यांनी बोलावलंच नाही. हे मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं.

मैत्री तुटली नाही. तुटली असती तर सोपं झालं असतं. आम्ही दिवाळीला एकत्र चकल्या पाडत राहिलो, एकमेकींच्या आजारपणात धावत राहिलो. मग दिलीपने इथली नोकरी सोडली आणि ते दोघं पुण्याला गेले. जुई मावशीला पत्रं लिहायची, पुढे ईमेल करायला लागली. काय लिहिते हे मी विचारत नसे, पण ती कॉम्प्युटरसमोर हसली की मला स्वैपाकघरातून ऐकू यायचं.

आता शारजात दोन खाड्यांना जोडणारा एक सरळसोट कालवा झालाय. काठाने फरसबंदी, दिवे, कॉफीची दुकानं. त्यात लॉक नाही. दोन्हीकडे एकाच समुद्राचं पाणी, चढायचं कुठे. गेल्या बुधवारी संध्याकाळी जुई मला तिथे फिरायला घेऊन गेली. हवा अशी होती की चार पावलांत कुडते पाठीला चिकटले. आम्ही कठड्यापाशी थांबलो. पाण्यात दिवे हलत होते.

"तू मावशीला फोन का करत नाहीस?" तिने विचारलं.

"करते गं."

"यू आर जेलस, आई." आमटीत मीठ कमी आहे हे सांगावं तसं ती म्हणाली.

मी "हो" म्हणाले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तोंडाने म्हटलं आणि मला जरा हलकं वाटलं.

ती कठड्यावर कोपर टेकून उभी राहिली. मग म्हणाली, "तुला एक सांगू? मी तेव्हा सांगितलं नाही, कारण तू रडली असतीस. लॉकमध्ये पाणी भरेपर्यंत काही काम नसायचं ना, सो पीपल वुड टॉक. दुसऱ्या बोटीवरच्या बायका विचारायच्या, इज शी युवर डॉटर? पहिल्या दिवशी मावशी म्हणाली, हो."

"आणि तू?"

"मी गप्प बसले. शी लुक्ड सो हॅपी, आई. मग नेक्स्ट टाइम कुणी विचारलं की मावशी काही बोलायच्या आधी मीच यस म्हणायची. रोज. एका ठिकाणी एकवीस लॉक होते ओळीने, तिथे तर किती जणांना सांगितलं असेल." तिने मानेवरचा घाम पुसला. "शेवटच्या दिवशी एक आजी होत्या. त्यांनी विचारलं तर मी यस म्हणाले आणि मावशी म्हणाली, नाही. माझ्या मैत्रिणीची आहे, तिची आई घरी वाट बघतेय. मग ती दोन लॉक होईपर्यंत कुणाशी बोलली नाही. दिलीपकाकांनी एकट्याने दारं ढकलली."

मला काय वाटलं ते मी जसंच्या तसं लिहिते. आधी राग आला, तोच जुना, टाळूपर्यंत जाणारा. माझ्या मुलीला दहा दिवस स्वतःची म्हणवून घेतलं हिने. मग शेवटच्या दिवसाची ती बाई दिसली, जिला कुणीही जाब विचारला नसता, कुणाला कधी कळलं नसतं, तरीही नाही म्हणाली ती. मला माझं व्हिसाचं खोटं आठवलं. मी जुईला तिथेच, त्या कठड्यापाशी, दुसऱ्या उन्हाळ्याची खरी गोष्ट सांगितली. तिने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "आय न्यू," एवढंच म्हणाली. "पासपोर्ट साड्यांखाली होता. मी साडी नेसायला काढली होती गॅदरिंगला."

शुक्रवारी सकाळी मी फोन लावला. काय बोलायचं ते मनात घोळवून ठेवलं होतं, थोडं उपकार केल्यासारखंच, सवय जात नाही. म्हणाले, "नलू, जुईची ॲडमिशन झाली. ती तुझ्याकडे राहील म्हणते."

तिच्याकडे कुकरची शिट्टी झाली. ती उठून गॅस बंद करून आली.

"नको, अरू," ती म्हणाली.

मला वाटलं लाइन खराब आहे. "काय?"

"हॉस्टेल चांगलं आहे त्यांचं. मी जाऊन बघून आलेय. खोल्या हवेशीर आहेत, वॉर्डनबाई बऱ्या वाटल्या. रविवारी जेवायला येऊ दे तिला, आजारीबिजारी पडली तर मी आहेच. पण राहायला नको."

तीन आठवडे जे मला हवं होतं तेच ती देत होती, आणि माझा आवाज चढला. "अगं पण का? तुझं घर असताना पोरीने मेसचं खायचं? काय झालंय तुला?"

"एकदा परत दिलीय मी तिला," नलू म्हणाली. गुडघे दुखतात, जिना जमत नाही, असं सांगावं तशा साध्या आवाजात. "तेव्हा दोनच महिने होती. आता पाच वर्षं ठेवून घ्यायची आणि मग पुन्हा आणून द्यायची. मला नाही झेपणार ते. तू मनाला लावून घेऊ नकोस."

श्रीकांतने पेपर खाली ठेवला होता. जुई स्वैपाकघराच्या दारात उभी होती, कप हातात घेऊन. ती कुणाकडे बघतेय ते मला कळत नव्हतं. ट्रॉलीवरच्या बॅगा पुन्हा पुन्हा नीट लावणारी नलू माझ्या डोळ्यांसमोर आली. तेव्हा मला तो तोरा वाटला होता.

"मग नको देऊस परत," मी म्हणाले.

श्रीकांतने हातानेच विचारलं, लागलाय ना फोन. तिच्याकडून नाक ओढल्याचा आवाज आला, मग नळ सोडल्याचा, मग बंद केल्याचा.

"तिला दुधात साय आलेली अजून चालत नाही का गं?" नलूने विचारलं.

"नाही. गाळून द्यावं लागतं."

"देईन गाळून," ती म्हणाली, आणि मला तिचा हेवा वाटला.